घर सगळ्यांचं आणि वाडगाभर लिंबं

नाही, पण मी म्हणते, चपला कुठं गेल्या? तुम्ही ती घरं सजवायची गुळगुळीत मासिकं पाहिलीत ना? एवढाले फोटो, दोन-दोन पानांवर पसरलेले, एवढं मोठं घर, एवढ्या पायऱ्या, आणि दारात एक चप्पल नाही! माणसं काय उडत उडत येतात घरात? बरं, चपला नाहीत तर नाहीत, भिंतीवर कॅलेंडर नाही, खुंटीला पिशवी नाही, दांडीवर पंचा नाही, मोबाईलची वायर नाही… आणि माणूस? माणूस तर औषधाला नाही! खुर्चीवर एक शाल टाकलेली, जसं काही आत्ताच कुणीतरी उठून गेलंय, टेबलावर एक पुस्तक पालथं घातलेलं, आणि त्याच्या शेजारी, हे मात्र प्रत्येक फोटोत असणार म्हणजे असणारच… वाडगाभर लिंबं! पिवळीधमक, एकसारखी, पानासकट. का? सरबत करायचं म्हणावं तर तांब्या नाही, लोणचं घालायचं म्हणावं तर मीठ नाही. नुसती आपली बसलेली लिंबं!

पण तुम्हाला सांगते, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मी ते मासिक उघडलं ना, तेव्हा माझी दाढ दुखायची थांबली होती. देवकोट्टैला दाताच्या डॉक्टरकडं बसले होते, हा एवढा गाल सुजलेला, तोंड उघडवत नव्हतं, म्हणून बोलायला कुणी नाही, म्हणून समोरचं मासिक उचललं… आणि बघते तर काय, आमच्यासारखंच घर! तस्सेच सागवानी खांब, तस्साच चौक, तश्शीच फुलाफुलांची फरशी! पण आमच्या खांबाला ह्यांची सायकल टेकलेली असते आणि चौकात मिरच्या वाळत असतात, आणि इथं… अहो, काय ते ऊन पडलेलं, काय त्या भिंती, दुधाच्या सायीसारख्या! खाली लिहिलं होतं, पडायला आलेलं घर, घरच्यांनीच पुन्हा उभं केलं. मी म्हटलं, उमयाळ, उमयाळ म्हणजे मी, असं होतं? असं करता येतं? शेजारची बाई म्हणाली, "आची, तुमचं नाव पुकारलं." बाईला मानानं आचीच म्हणतात आमच्याकडं. मी म्हटलं, "तुम्ही जा हो पुढं, माझी दाढ कुठं पळून जातेय!"

आता आमचं घर म्हणजे तुम्हाला कसं सांगू? पुढचं दार एका रस्त्यावर आणि मागचं दार दुसऱ्या रस्त्यावर. मी स्वयंपाकघरातून ह्यांना मोबाईलवर फोन करते, "अहो, कॉफी झाली, या," आणि हे पुढच्या ओट्यावरून निघतात, एक चौक ओलांडतात, दुसरा चौक ओलांडतात, पोचेपर्यंत कॉफीवर साय धरलेली असते. ह्यांच्या पणजोबांनी रंगूनला पेढी चालवून बांधलेलं घर. ब्रह्मदेशाचं सागवान, इटलीची फरशी, बेल्जमचे आरसे… माणूस उभं राहिलं तर छताकडं बघता बघता मान अवघडते. आणि आमच्या चेट्टियारांची, म्हणजे आम्हा तमिळ सावकार लोकांची, पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. मुलाचं लग्न झालं की त्याला चौकाच्या कडेची एक खोली द्यायची, खोली त्याची, कुलूप त्याचं, किल्ली त्याची, पण पुढचा दिवाणखाना, चौक, दरवाजा, हे सगळं सामाईक. पणजोबांची मुलं, त्यांची मुलं, त्यांची मुलं… आता वाटेकरी किती झालेत ते वरती बसलेल्या पणजोबांनासुद्धा सांगता यायचं नाही. कोण चेन्नईला, कोण कोइमतूरला, कोण पार मलेशियात पिनांगला. खोल्यांना कुलपं, किल्ल्या त्यांच्या खिशात. आणि इथं राहतं कोण? आम्ही दोघं. म्हणजे घर सगळ्यांचं, केरसुणी माझी!

बरं, झाडायला माझी ना नाही हो. पण छप्पर गळतंय त्याचं काय? मी फोन करते, "वैरवन अण्णा, छप्पर गळतंय." वैरवन अण्णा म्हणजे ह्यांचे थोरले चुलत भाऊ, कोइमतूरला सूतगिरणी आहे, बोलतात असे की समोरच्यानं हात जोडूनच ऐकावं. "माझी खोली गळतेय काय?" "नाही, दिवाणखाना गळतोय." "मग तो सामाईक आहे, चिदंबरमला विचार." चिदंबरम म्हणजे धाकटा चुलत भाऊ, पिनांगचा. "चिदंबरम तंबी, दिवाणखाना गळतोय." "आची, दिवाणखाना वैरवनच्या खोलीला लागून आहे ना? मग त्यालाच विचारा." ह्या दोघांचं लहानपणापासून असंच. एकानं अंगणात उडी मारली की दुसरा ओट्यावरून मारणार. पण एकमेकांशी चढाओढ करायला दोघं तयार, आणि छप्पर म्हटलं की दोघांना फोनची रेंज मिळत नाही. सामाईक म्हणजे काय, तर पाणी सामाईक गळतं आणि बादली मी ठेवते. घर सगळ्यांचं, केरसुणी माझी, आणि आता बादलीही माझीच!

आणि मग एक दिवस तो आला. कारैक्कुडीचा जुन्या सामानाचा व्यापारी. तुम्ही पाहिलीत ना त्यांची दुकानं? कुणाच्या घराचं दार, कुणाच्या घरातला झोपाळा, कुणाच्या लग्नातली घंगाळं, सगळं फुटपाथवर उभं. वैरवन अण्णांनीच पाठवलेला. आला, आणि चपला न काढता आत शिरला, आणि खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरला. अहो, कलिंगड बघतात तसं! प्रत्येक खांबाला कान लावून टकटक, टकटक. "चांगले वाजतायत," म्हणाला. आमचे हे नुसते बघत राहिले. हे बोलतच नाहीत हो. लग्न झाल्यापासून मीठ दे, पंखा लाव, आणि बरं, एवढ्यावर आमचा संसार झालाय. पण त्या संध्याकाळी जेवले नाहीत. ताट सरकवलं आणि त्या खांबाला पाठ लावून बसले, लहान मूल आईला टेकून बसतं ना, तसे.

व्यापाऱ्याचा कागद तयार. घर पाडायचं, खांब, दारं, आरसे, फरशी, सगळं सुटं सुटं विकायचं. सह्या कधी? तर पडैप्पुच्या दिवशी. आमच्यात वर्षातून एकदा पूर्वजांना जेवू घालायचा तो दिवस, त्या दिवशी जगाच्या पाठीवर कुठं असतील तिथून सगळे वाटेकरी घरी येतात म्हणजे येतातच. म्हणजे बघा हं, पूर्वजांना पोटभर जेवू घालायचं, आणि पान उचललं की त्यांचं घर विकायचं! माणसं कुठल्या थराला जातात, सांगा तुम्ही!

तेव्हा मला ते मासिक आठवलं. तश्शीच देवकोट्टैला गेले आणि डॉक्टरला म्हटलं, "हे मी नेते." तो म्हणाला, "आची, दाढ काढायची राहिली." मी म्हटलं, "दाढ राहू दे, मासिक दे." शेवटच्या पानावर चेन्नईचा नंबर होता, लावला फोन. एक मुलगी बोलली, गोड आवाज, तारिणी तिचं नाव, घरं सजवून फोटोला तयार करायचं तिचं काम. असंही काम असतं! मी म्हटलं, "बाई गं, आमचं घर आहे, येऊन बघ." तिनं विचारलं, "केवढं आहे?" मी म्हटलं, "कॉफी गार होते एवढं." ती हसली आणि म्हणाली, येते. मी मुद्दाम पडैप्पुच्याच वेळेला बोलावलं. म्हटलं, सही करायच्या आधी ह्या लोकांना एकदा आपलं घर बघू दे तरी!

ती आदल्या दिवशी आली, एक गाडीभर सामान आणि एक फोटोवाला घेऊन. फोटोवाला पाँडिचेरीचा, तोही आमच्या ह्यांच्यासारखा, तोंडात गुळणी धरलेला. आणि तिनं घरात पाऊल टाकलं आणि… तुम्हाला सांगते, ती पोरगी चौकात उभीच राहिली! वर बघते, खाली बघते, मग हळूच भिंतीपाशी गेली आणि काय केलं असेल? भिंतीला गाल लावला! डोळे मिटून! मी म्हटलं, हिला ऊन लागलं. म्हणते कशी, "आची, ही भिंत… ही खरी आहे?" आता भिंत खोटी कशी असेल? शंखशिंपल्यांचा चुना, त्यात अंड्यातलं पांढरं, थरावर थर, आणि गुळगुळीत दगडानं घोटून घोटून बसवलेली, आमच्याकडं सगळ्यांच्याच भिंती तशा. ती म्हणाली, "आता असं कुणी करत नाही हो." ती तिकडं गाडीतलं सामान काढायला गेली, आणि मी इकडं तिकडं पाहिलं, आणि खरं सांगते, मी पण गाल लावला. इतकी वर्षं त्या भिंतीवर फडकं मारतेय, कधी गाल लावायचं सुचलं नव्हतं. गार! अशी गार, अशी मऊ… माझी आईच आठवली मला. तिथंच डोळ्यांत पाणी आलं आणि माझं मलाच हसू आलं.

मग सुरू झाली तिची साफसफाई. कॅलेंडर काढलं. सायकल हलवली. मिरच्या उचलल्या. चपला? चपला मागच्या दारी. ह्यांचा पंचा, माझी जपमाळ, औषधांचा डबा, सगळं मागच्या दारी. मी म्हटलं, "बाई, आम्ही दोघांनीही मागच्या दारीच बसायचं काय?" ती म्हणाली, "थोडा वेळ, आची." खरंच बसवलं हो! आणि मग लिंबं! सगळ्या बाजारात ती पोरगी पानासकट लिंबं शोधत फिरली, एकेक उचलून उन्हात धरून बघायची, हे नको, ह्याला डाग आहे, हे नको, हे जरा उदास दिसतंय. लिंबू उदास! भाजीवाल्यानं हात जोडले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "आची, पाहुणीबाई करणीबिरणी करत नाहीत ना?"

पण मग फोटोवाल्यानं दिवे लावले आणि पडदे सरकवले, आणि वरच्या झरोक्यातून ऊन आलं. आणि मी मागच्या दारातून डोकावून पाहिलं… काय सांगू! ती फरशी पाण्यासारखी झाली होती. खांब तिच्यात उलटे उभे. भिंती आतून उजळल्यासारख्या. बेल्जमच्या आरशात दुसरा चौक, त्यात तिसरा, घर संपतच नव्हतं! माझ्या हातातली केरसुणी हातातच राहिली. म्हटलं, देवा, ह्या घराचा केर मी काढते? मी?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाटेकरी यायला लागले. आता हे सगळे सह्या करायला आलेत हं, विकायला आलेत, पण फोटो काढतायत म्हटल्यावर! "माझी खोली पण घ्या!" वर्षानुवर्षं बंद कुलपं करकरत उघडली. वैरवन अण्णांनी तर फोटोचं कळताच माणूस पाठवून रातोरात आपलं सागवानी दार चकचकीत निळ्या रंगानं रंगवून घेतलं होतं. फोटोत उठून दिसलं पाहिजे म्हणे! चिदंबरमनं ते निळं दार पाहिलं, आणि तो गप्प बसतोय? त्यानं पिनांगहून आणलेल्या प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा आपल्या दाराला सोडल्या, वर लुकलुकणारे दिवे. तारिणीनं एकदा निळं दार पाहिलं, एकदा लुकलुकणारं दार पाहिलं, आणि खांबाला धरून खाली बसली. "आची, पाणी." मी म्हटलं, "बघ बाई, हे आमचे मालक."

आणि आता लिंबांची गोष्ट ऐका, कारण खरी गंमत तिथंच झाली. दिवेलागणीच्या आधी शेवटचा फोटो घ्यायचा होता. ऊन कुठं पडलं होतं? तर पूर्वजांच्या खोलीच्या उंबऱ्यावर. तारिणीनं एक बुटका पाट ठेवला, त्यावर पितळेचा वाडगा, त्यात लिंबं, आणि दिवा आणायला ती फोटोवाल्याबरोबर गाडीकडं गेली. आणि आमचे हे आले. ह्यांचा चष्मा कुठं? मागच्या दारी, औषधांच्या डब्यात! रोजच्या सवयीनं आले, समई लावली, आणि उंबऱ्यावर अंधुक अंधुक लिंबं दिसली. ह्यांना वाटलं, कुणीतरी पूर्वजांपुढं मांडली. मग बसले मांडी घालून, आणि एकेक लिंबू उचलून त्यावर विभूतीच्या तीन रेघा, मध्ये कुंकवाचा टिळा, वर फुलाची पाकळी… सगळ्याच्या सगळ्या लिंबांना! तारिणी आली आणि किंचाळलीच. "आची! माझी लिंबं!" ह्यांनी शांतपणे मान वर केली, खोलीकडं बोट केलं आणि म्हणाले, "आता त्यांची."

झालं! आता ती लिंबं हलवायची कुणाची छाती? पूर्वजांपुढं ठेवलेली वस्तू टाकायची नाही, वाटायची नाही, बाहेरच्याला द्यायची नाही, तिचा लिलाव व्हायचा, वाटेकऱ्यांतच, आणि जो ती घरी घेऊन जाईल त्याच्या घराची भरभराट, आणि, खरं सांगायचं तर, ज्याला मिळाली नाही त्याचं नाक कापलं. दर वर्षी एखादं वस्त्र, एखादं लिंबू असतं, त्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं. आणि यंदा वाडगाभर! बातमी पहिल्या चौकातून शेवटच्या चौकात माझ्या फोनपेक्षा लवकर पोचली. सगळे पानावरून हात न धुता उठले.

पण वैरवन अण्णा कसले ऐकतात? खिशातून कागद काढला, चष्मा लावला. "आधी सह्या करून टाकू. मग लिंबंबिंबं." चिदंबरमनं पेनचं टोपण काढलं. मी खांबामागं उभी, केरसुणी हातात. म्हटलं, संपलं. उद्या हा खांब फुटपाथवर.

आणि तेवढ्यात आवाज आला. "आधी लिंबं!"

मी मागं वळून पाहिलं, म्हटलं, कोण आलं? कुणी नव्हतं आलं. आमचे हे होते! उंबऱ्यावर ताठ उभे, हातात एक लिंबू वर धरलेलं, आणि आवाज… अहो, पार मागच्या रस्त्यावर ऐकू जाईल असा आवाज! ह्यांच्या वडिलांनी देवळातले लिलाव पुकारले होते म्हणे, पण ह्या माणसाच्या आत असा आवाज आहे हे मला कुणी सांगायला नको? "पूर्वजांचं लिंबू! भरभराटीचं लिंबू! बोला!" आणि वैरवन अण्णांच्या हातातला कागद जिथल्या तिथं थांबला, कारण लिलाव सुरू झाला की चेट्टियाराला दुसरं काही दिसत नाही.

वैरवन अण्णांनी रक्कम बोलली. चिदंबरमनं वाढवली. आणि माझ्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. आमच्यात बायका लिलावात बोलत नाहीत. पण मला आठवलं, दर वर्षी हे असंच मोठमोठ्यानं रकमा बोलतात, पुढच्या वर्षी आणतो म्हणतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्या बोलतात! मी खांबामागून ओरडले, "पैसे नकोत! काम बोला!"

वैरवन अण्णा म्हणाले, "काम म्हणजे?" मी म्हटलं, "काम म्हणजे काम! कौलं बोला, पन्हळी बोला, भिंतीचा चुना बोला! ते आत बसलेत ना, त्यांचं घर गळतंय, त्यांना तुमच्या नोटा काय करायच्यात?" केरसुणी अशी छातीशी धरून उभी मी. हे माझ्याकडं बघत राहिले. आणि मग लिंबू आणखी वर धरून गरजले, "काम बोला!"

चिदंबरम घसा खाकरून म्हणाला, "पहिल्या चौकाची कौलं." नुसतं बोलून बघू म्हणून बोलला असेल हो. पण वैरवन अण्णांच्या समोरून चिदंबरम लिंबू नेतोय म्हणजे काय? "कौलं आणि पन्हळी!" "कौलं, पन्हळी आणि छपराचे वासे!" "वासे काय रे चिदंबरा, वासे कुणीही करेल! कौलं, पन्हळी, वासे आणि दिवाणखान्याच्या भिंती, अंड्याच्या चुन्यानं, जुन्यासारख्या!" "आणि फरशी!" "आणि खांबांना तेल!" "आणि आरसे!" अहो, टाळ्या पडतायत, पोरंटोरं बाकावर चढलीत, वैरवन अण्णांची बायको त्यांचं उपरणं ओढतेय, "अहो, बसा, घर विकायचंय ना आपल्याला," आणि ते तिच्यावर डाफरतात, "तू मध्ये बोलू नकोस, अख्खा दिवाणखाना माझा! दारापासून झरोक्यापर्यंत!" हे पुकारतायत, "एकवार… दोनवार… तीनवार!" आणि लिंबू वैरवन अण्णांच्या हातात.

जिंकले! छाती ही एवढी फुगलेली! आणि मग त्यांनी हातातल्या लिंबाकडं पाहिलं. मग समोरच्या खोलीत पाहिलं. मग दुसऱ्या हातात… कागद! अहो, पूर्वजांसमोर दिलेला शब्द, ज्या दिवाणखान्याचा दिला तो दिवाणखाना विकायचा कसा? आमच्याकडं वचन मोडून माणूस गावात परत तोंड दाखवू शकत नाही. लिंबाचं ओलं कुंकू त्यांच्या पांढऱ्या धोतरावर टपटप गळत होतं. बायको म्हणाली, "अहो, कशात तरी गुंडाळा ते." आणि तुम्हाला सांगते, त्या माणसानं तो व्यापाऱ्याचा कागद घेतला, एक घडी घातली, दुसरी घडी घातली, आणि लिंबू त्यात गुंडाळून खिशात टाकलं. मला तर वाटलं त्यांच्या पाया पडावं. नाही पडले, पण वाटलं.

मग काय, धरणच फुटलं! चिदंबरम चवताळलेला, त्यानं दुसरा चौक घेतला, वैरवन अण्णांपेक्षा चांगला करून दाखवीन म्हणून. चेन्नईवाल्यांनी ओटा घेतला, कुणी झोपाळ्याची खोली, कुणी विहीर, कुणी स्वयंपाकघर. तारिणी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती, तोंडाचा आ. "आची, ती लिंबं मी बाजारातून आणली होती हो." मी म्हटलं, "हळू बोल, ऐकतील!" आणि तिनं माझा हात धरला. फोटोवाला खुर्चीवर चढून फोटो काढत सुटला होता, आणि तोही बोलायला लागला होता, कुठल्या भाषेत ते त्याचं त्याला ठाऊक.

शेवटचं लिंबू उरलं. सगळ्यांचं सगळं बोलून झालेलं, बोलायला घरच शिल्लक नाही! हे लिंबू धरून उभे, एकदा इकडं बघतात, एकदा तिकडं. "बोला!" कुणी बोलेना. आणि पूर्वजांचं लिंबू कुणीच घेतलं नाही तर अपशकुन. मी केरसुणी खांबाला टेकवून ठेवली, पदर खोचला, पुढं गेले आणि म्हटलं, "हे सगळं काम पुरं होईपर्यंत, आणि त्याच्या पुढंही, ह्या घराचा केर मी काढीन." कुणी वाढवतंय का म्हणून ह्यांनी वाट पाहिली. कोण वाढवणार? "एकवार… दोनवार…" आणि तीनवार म्हणताना तो एवढा मोठा आवाज असा कापला ना… लिंबू माझ्या हातात ठेवलं आणि हळूच म्हणाले, "उमयाळ." लग्नापासून पहिल्यांदा नावानं हाक मारली. झालं, मी तिथंच रडायला लागले.

आता बघाल तर घरात गवंडीच गवंडी. चुना भिजतोय, दगडानं भिंती घोटतायत, अंड्यांच्या टोपल्यांवर टोपल्या, गावात कुणाला अंडं मिळत नाही, सगळी अंडी आमच्या भिंतीत! वैरवन अण्णांचा रोज कोइमतूरहून फोन, "माझा दिवाणखाना कसाय?" आणि लगेच, "चिदंबरमचा चौक कुठवर आला? माझ्यापेक्षा गुळगुळीत नाही ना?" आणि धूळ! अहो, चुन्याची धूळ म्हणजे काय विचारता, सकाळी काढा, दुपारी तेवढीच. पण भिंतीचा एकेक तुकडा उजळून निघतो ना, तेव्हा मी हातातलं काम टाकून बघत बसते. काय माणसं असतील हो ती, ज्यांनी हे पहिल्यांदा बांधलं! काय डोळा, काय धीर!

आणि परवा मासिक आलं. मी हात धुऊन, चष्मा पुसून, ह्यांना शेजारी बसवून उघडलं. दोन पानांवर आमचा दिवाणखाना! तेच ऊन, तेच खांब… आणि माणूस? नाही! अख्खा लिलाव झाला, वैरवन अण्णा नाचले, ह्यांचा आवाज घुमला, एक माणूस नाही! चपला? नाही! उंबऱ्यावर पितळेचा रिकामा वाडगा, आणि खांबाला टेकलेली… माझी केरसुणी! मी लिंबू घ्यायला गेले तेव्हा ठेवलेली, दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर फोटो काढला तरी तिथंच राहिलेली. आणि काय दिसत होती म्हणून सांगू! राजघराण्यातली वाटावी! खाली लिहिलेलं, हातानं बांधलेली केरसुणी, ह्या घराचा प्राण. मी ह्यांना म्हटलं, "बघा हो, अख्ख्या घरात माझंच तेवढं छापलंय." हे म्हणाले, "बरं."

आणि फोन सुरू झाले. वैरवन अण्णांचा पहिला. "उमयाळ, ती केरसुणी कुठंय? खबरदार हात लावलास तर!" पाठोपाठ चिदंबरमचा, केरसुणी माझ्या चौकात पाहिजे. त्यावरून दोघांची जुंपली, आणि शेवटी ठरलं काय, तर काचेची पेटी करायची, आत केरसुणी उभी करायची, आणि दिवाणखान्यात मधोमध लावायची, सामाईक! गवंडी कामं सोडून पेटी ठोकत बसले. मी विचारलं, "अण्णा, मग मी झाडू कशानं?" तर म्हणाले, "ते तू बघ, तू पूर्वजांना शब्द दिलायस."

म्हणजे घर सगळ्यांचं होतंच हो, आता केरसुणीही सगळ्यांची झाली… केर तेवढा माझा!